वनक्षेत्राची तुलना आणि ‘वन’ शब्दाची व्याप्ती : जुन्नर–आंबेगावच्या आधारे एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

दोन देशांतील वनांची कालक्रमाने तुलना करावयाची झाल्यास अभ्यासक सामान्यतः प्रत्येक देशास एक स्तंभ देऊन तक्ता मांडतो आणि त्यावरून निष्कर्ष काढतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक वनपाहणीच्या आधारे भारत आणि ब्रिटन यांचा असा तक्ता सहज मांडता येतो. भारताचे वनक्षेत्र १९९० मध्ये सुमारे ६ कोटी ३९ लक्ष हेक्टर होते, ते २०२० मध्ये सुमारे ७ कोटी २२ लक्ष हेक्टर झाले. ब्रिटनचे वनक्षेत्र याच काळात सुमारे २७ लक्ष ८० हजार हेक्टरांवरून ३१ लक्ष ९० हजार हेक्टरांवर गेले. देशाच्या भूभागाशी असलेले प्रमाण पाहिले, तर भारतात ते २१.५ टक्क्यांवरून २४.३ टक्क्यांवर आणि ब्रिटनमध्ये ११.५ टक्क्यांवरून १३.२ टक्क्यांवर आले. तीस वर्षांतील वाढ भारतात सुमारे तेरा टक्के, ब्रिटनमध्ये सुमारे पंधरा टक्के. यावरून दोन्ही देशांतील वने जवळजवळ सारख्याच वेगाने वाढत आहेत, असे अनुमान कोणीही काढील.

हे अनुमान चूक आहे असे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. तक्त्याच्या शिरोभागी ‘वन’ हा एकच शब्द असला, तरी त्याखाली दोन्ही स्तंभांत एकच वस्तू मोजली गेली आहे काय, आणि एकाच स्तंभातील पहिला व शेवटचा आकडा तरी एकाच वस्तूचा आहे काय, हा प्रश्न राहतोच. हा प्रश्न गणिताचा नसून शब्दार्थाचा आहे. म्हणूनच भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत लेखात या शब्दार्थाची परीक्षा पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत करून पाहिली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित झाडीपासून पूर्वेकडील कोरड्या माळापर्यंतची सर्व स्थित्यंतरे येथे अल्प अंतरात पाहावयास मिळतात. ‘वन’ शब्दाचे जितके म्हणून अर्थ आहेत, तितके बहुतेक सर्व येथे भेटतात.

२. शब्दांची पूर्वपीठिका

प्रथम शब्दांकडे पाहू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ज्या शब्दांना आज ‘झाडांनी व्यापलेली भूमी’ असा अर्थ आहे, त्यांपैकी अनेकांचा मूळ अर्थ झाडांशी निगडित नव्हता.

इंग्रजीतील ‘फॉरेस्ट’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून आला. बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध ‘बाहेर’ या अर्थाच्या ‘फोरिस’ शब्दाशी लावतात. नॉर्मन राजांच्या काळात ‘फॉरेस्ट’ म्हणजे राजाच्या मृगयेसाठी सामान्य कायद्याच्या बाहेर काढून राखलेला प्रदेश. त्यात झाडी असे, तसाच माळ, दलदल आणि प्रसंगी वसलेली गावेही असत. इंग्लंडमधील डार्टमूर आणि एक्समूर हे उघडे, गवताळ प्रदेश ‘फॉरेस्ट’ म्हणून गणले जात ते याच अर्थाने. स्कॉटलंडमध्ये हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या जवळजवळ वृक्षहीन डोंगरांना ‘डिअर फॉरेस्ट’ म्हणण्याचा प्रघात आहे. १२१७ च्या वनसनदेने या राखीव प्रदेशांतील गुरेचराई, डुकरांची चराई, सरपण इत्यादी लोकांचे हक्क मान्य केले. म्हणजे ‘फॉरेस्ट’ हा शब्द मुळात भूमीच्या स्वरूपाचा वाचक नसून तिच्यावरील सत्तेचा वाचक होता.

संस्कृतातील ‘अरण्य’ शब्दाची व्युत्पत्तीही ‘दूरचे, परके’ या अर्थाच्या ‘अरण’ शब्दापासून मानली जाते. गावाच्या बाहेरचे ते अरण्य. याच शब्दापासून प्राकृत ‘रण्ण’ आणि पुढे मराठी ‘रान’ झाले. परंतु मराठीत या शब्दाने उलट दिशेने प्रवास केला. ‘धनी रानात गेलेत’ असे जुन्नरच्या शेतकऱ्याच्या घरी ऐकू आले, तर ते शेतात गेले असे समजावयाचे. ‘रान तयार केले’ म्हणजे शेत नांगरून पेरणीस सिद्ध केले. जो शब्द गावाबाहेरच्या परक्या भूमीचा होता, तो माणसाच्या नित्य वापरातल्या भूमीचा झाला. आणि तरीही ‘रानडुक्कर’, ‘रानमेवा’ यांतला जुना अर्थ त्याने सोडला नाही.

‘जंगल’ शब्दाची कथा याहून विलक्षण आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ व काटेरी झाडांचा प्रदेश. पाण्याने व दाट झाडीने भरलेला तो ‘आनूप’. या मूळ अर्थाने बोलावयाचे, तर आंबेगावच्या पूर्वेकडील लोणी-धामणीचा अवर्षणप्रवण भाग ‘जांगल’ ठरतो आणि भीमाशंकरचा परिसर ‘आनूप’. आजचा बोलणारा नेमके याच्या उलट बोलेल. हा शब्द पुढे इंग्रजीत गेला आणि तेथे त्याला दाट, दुर्गम झाडीचा अर्थ कायमचा चिकटला.

३. कायद्याचे वन

एकोणिसाव्या शतकात या शब्दांवर कायद्याची मुद्रा उमटली. या घटनेचा एक धागा जुन्नर तालुक्यातच सापडतो. नारायणगावजवळील हिवरे येथे सरकारी वनस्पती-उद्यान होते. दापोडीच्या उद्यानाबरोबर त्याची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याकडे होती. हाच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक नेमला गेला. त्यानंतर १८६५, १८७८ आणि १९२७ असे वनकायदे झाले.

या कायद्यांतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक, १९२७ च्या कायद्यात राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन यांची तजवीज आहे, परंतु खुद्द ‘वन’ शब्दाची व्याख्या नाही. दुसरी, सरकारी मालकीची वनभूमी ‘किंवा पडीत भूमी’ राखीव वन म्हणून घोषित करण्याचा अधिकार सरकारास दिला आहे. अर्थात, ज्या डोंगरावर एकही मोठे झाड नाही तोही अधिसूचनेने ‘वन’ होऊ शकतो. जुन्या इंग्लंडातील ‘फॉरेस्ट’चा सत्तावाचक अर्थ असा सह्याद्रीत येऊन पोचला. १९३० च्या जुलै महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला, याचा अर्थ या संदर्भात नीट उमगतो. तेथे वृक्षाला हात लावण्याची गरजच नव्हती. गवतही कायद्याने ‘वनातील’ वस्तू झाले होते.

कायद्याच्या वनाचा आकडा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वनाचा आकडा यांत म्हणूनच अंतर पडते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात अभिलेखातील वनभूमी सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर आहे. वृक्षाच्छादन असलेले वनक्षेत्र मात्र सुमारे ५१ हजार. हे दोन आकडे एकमेकांतून वजा करून ‘अकरा हजार चौरस किलोमीटर जंगल तुटले’ असे म्हणता येत नाही. पहिल्यातील पुष्कळशी भूमी वृक्षहीन आहे आणि दुसऱ्यातील बरीचशी झाडी वनखात्याच्या भूमीबाहेर आहे.

४. उपग्रहाचे वन

डोळ्यांना दिसणाऱ्या वनाची मोजणी भारतात उपग्रहचित्रांवरून होते. तिचा पहिला अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. या मोजणीत किमान १ हेक्टर क्षेत्र आणि किमान १० टक्के छत्र, म्हणजे झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला भाग, असला की ती भूमी वनाच्छादित धरली जाते; भूमीची मालकी, तिचा वापर अथवा झाडाची जात यांचा विचार होत नाही. आमराई आणि बांबूचे बन यांतून वगळले जात नाही.

ही एक हेक्टराची मर्यादा प्रारंभापासून नव्हती. १९८७ च्या अहवालात १ : १०,००,००० प्रमाणाचे नकाशे होते आणि ४०० हेक्टरांहून लहान तुकडा नकाशावर दाखविता येत नसे. २००१ मध्ये प्रमाण १ : ५०,००० झाले व संगणकीय वाचन सर्व देशभर लागू झाले. परिणाम असा की, १९९९ च्या अहवालातील ६,३७,२९३ चौरस किलोमीटर हा आकडा २००१ च्या अहवालात ६,७५,५३८ झाला. दोन वर्षांत पडलेला हा ३८ हजार चौरस किलोमीटरांचा फरक पुणे जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून अधिक आहे. तो प्रामुख्याने मोजणीची पद्धती बदलल्याने पडला, हे उघड आहे. उघड्या माळाने वेढलेली, दोनचार हेक्टरांची एखादी देवराई घेतली, तर ती पहिल्या नकाशात नव्हती आणि दुसऱ्यात आली. ती स्वतः शेकडो वर्षांची असली, तरी आकड्यांच्या लेखी तिचा जन्म २००१ चा.

ब्रिटनमधील व्याख्या निराळी आहे. तेथे किमान अर्धा हेक्टर क्षेत्र, किमान २० मीटर रुंदी आणि किमान २० टक्के छत्र, अथवा तितके छत्र पुढे होण्याची शक्यता, अशी अट आहे. यातील ‘अथवा’ शब्द निर्णायक आहे. लाकडासाठी सर्व झाडे तोडून टाकलेला आणि पुन्हा लागवडीची वाट पाहणारा डोंगर तेथे वनक्षेत्रातच मोजला जातो, कारण तेथे भूमीचा वापर पाहिला जातो. उलट फळबागांना तेथे वनक्षेत्रात स्थान नाही.

अन्न व कृषि संघटनेची व्याख्या या दोहोंच्या मधली आहे : अर्धा हेक्टर क्षेत्र, ५ मीटर उंची, १० टक्के छत्र, आणि जेथे भूमीचा मुख्य वापर शेतीचा आहे तेथील झाडे वर्ज्य. पण ही व्याख्याही स्थिर राहिलेली नाही. १९९० च्या पाहणीत विकसित देशांना २० टक्के छत्राची आणि विकसनशील देशांना १० टक्क्यांची मर्यादा लागू होती. २००० च्या पाहणीपासून ती सर्वांना सारखी १० टक्के करण्यात आली. शिवाय संघटनेचे आकडे मुख्यतः त्या त्या देशाने पाठविलेल्या माहितीवर आधारलेले असतात.

टक्केवारी काढताना भाजक कोणता, हेही पाहावे लागते. भारतीय वन सर्वेक्षण देशाचे एकूण भौगोलिक क्षेत्र धरते. अन्न व कृषि संघटना त्यातून जलाशय व नद्या वगळून उरणारा भूभाग धरते. ज्या गावाचे नाव आंबेगाव तालुक्याला आहे ते गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. जुन्नरात माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे येथे जलाशय झाले. संघटनेच्या रीतीने तालुक्याचा हिशेब करावयाचा झाला, तर इतकी भूमी भाजकातून गळेल. आणि एकही नवे झाड न लागता वनाची टक्केवारी तत्त्वतः थोडी वर सरकेल.

५. चार स्थळे

आता या व्याख्या प्रत्यक्ष भूमीवर ठेवून पाहाव्यात. त्यासाठी या दोन तालुक्यांतील चार प्रकारची स्थळे पुरेशी आहेत.

पहिले स्थळ सह्याद्रीच्या माथ्यावरील आहुपे-भीमाशंकर परिसर. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून राज्यप्राणी शेकरू याचे ते प्रसिद्ध वसतिस्थान आहे. जांभूळ, अंजन, पिसा, आंबा यांची दाट झाडी येथे आहे. आहुप्याची देवराई याच पट्ट्यात येते. महाराष्ट्रातील देवरायांचे पद्धतशीर सर्वेक्षण माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात केले. कायदा, उपग्रह आणि परदेशी व्याख्या या सर्वांच्या दृष्टीने हे वनच आहे. मतभेद असेलच तर तो स्थानिक भाषेचा : देवराई ही ‘देवाची’ आहे, ती कोणाचे ‘जंगल’ नव्हे.

दुसरे स्थळ जुन्नर व आंबेगाव यांच्या पश्चिम भागातील हिरड्याची झाडे असलेली मालकीची जमीन. येथील महादेव कोळी कुटुंबांच्या भातखाचरांच्या वर, उतारावर हिरड्याची मोठी झाडे असतात. त्यांखाली वरकस पिके घेतली जातात, झाडांच्या डहाळ्या भाताच्या राबासाठी तोडल्या जातात आणि कोवळा बाळहिरडा वेचून, वाळवून विकला जातो. वर्षाच्या रोख उत्पन्नाचा तो मोठा आधार असतो. छत्र दहा टक्क्यांहून अधिक असल्यास उपग्रहाच्या लेखी हे वन आहे. अन्न व कृषि संघटनेच्या व्याख्येने, भूमीचा मुख्य वापर शेतीचा असल्याने, ते वन नव्हे. सातबाऱ्यावर ती शेतजमीन आहे. तथापि १९६४ च्या वृक्षतोड-नियमन कायद्यामुळे मालकाला स्वतःचाही हिरडा परवानगीवाचून तोडता येत नाही. कुटुंबाच्या भाषेत ते ‘रान’ आहे, दोन्ही अर्थांनी. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात या भागातील हिरड्याचे नुकसान झाले आणि भरपाईची मागणी झाली. हिरडा हे पीक मानावयाचे की वनोपज, या प्रश्नाचे मोल अशा वेळी कळते. शब्दाच्या एका अर्थाने भरपाई मिळते, दुसऱ्याने ती अडते.

तिसरे स्थळ पूर्वेकडील उघडा डोंगर. अभिलेखात तो ‘वन’ आहे. प्रत्यक्षात गवत, बोरी-बाभळी आणि खडक. मेंढपाळांच्या दृष्टीने तो चराईचा माळ आहे. उपग्रहाच्या मोजणीत तो वन नव्हे, कारण छत्र दहा टक्क्यांपेक्षा कमी आहे. मात्र तेथे वृक्षलागवड चालू असती आणि मोजणी ब्रिटनच्या पद्धतीने झाली असती, तर तो उद्याच्या छत्राच्या भरवशावर आजच वनक्षेत्रात जमा झाला असता.

चौथे स्थळ नारायणगाव-मंचर पट्ट्यातील उसाचे शेत. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर वाढलेला हा ऊस कोणत्याही व्याख्येने वन नाही. परंतु बिबट्या त्यात राहतो, पिलांना जन्म देतो, आणि त्याच्या भीतीने संध्याकाळी मुलांना अंगणात खेळू देण्याचे धैर्य घरच्यांना होत नाही. बिबट्या ‘जंगलातून गावात आला’ असे लिहिले जाते, तेव्हा ‘जंगल’ आणि ‘गाव’ या शब्दांतील जुना भेद गृहीत धरलेला असतो. भूमीवर तो भेद उरलेला नसतो.

या चार स्थळांपैकी दुसरे आणि तिसरे ही तुलनेच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहेत. भारतीय पद्धतीत दुसरे आत आणि तिसरे बाहेर. ब्रिटिश पद्धतीत दुसरे बाहेर राहण्याचा आणि तिसरे आत येण्याचा संभव अधिक. म्हणजे एकाच तालुक्यातील दोन डोंगरांविषयीचे उत्तर व्याख्या बदलताच उलट होते.

६. न्यायालय आणि शब्दकोश

हा प्रश्न भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, ‘वन’ हा शब्द कोशातील अर्थाने समजावा. त्याखेरीज सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंदलेली कोणतीही भूमी, मालकी कोणाचीही असो, वनभूमी मानावी. एका आदेशात रूपवाचक आणि सत्तावाचक असे दोन्ही अर्थ एकत्र आले. १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही व्याप्ती आकुंचित करण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने राज्यांना कोशार्थच पाळावयास सांगितले. पुढे मे २०२५ मध्ये पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ या महसुली नोंदीच्या जमिनी वनभूमी मानाव्यात, असा निर्णय झाला. तेथे तर जुन्या महसुली दप्तरातील एका मराठी शब्दप्रयोगावर सहा जिल्ह्यांतील जमिनींचे भवितव्य अवलंबून होते.

कोशार्थ प्रमाण मानावा हे तत्त्व भाषाभ्यासकास सुखावणारे वाटेल. पण त्याबरोबरच जबाबदारीही येते. कोश कोणत्या भाषेचा? ‘फॉरेस्ट’चा, ‘वना’चा की ‘राना’चा? २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये दावा दाखल करणारा आंबे-हातवीजचा माणूस आपल्या भूमीचे वर्णन ज्या शब्दांनी करतो, ते शब्द अर्जातील रकान्यांत मावत नाहीत. ‘वरकस’, ‘राई’, ‘माळ’, ‘रान’ या सर्वांची रवानगी एकाच ‘वनजमीन’ या शब्दात होते आणि त्या रवानगीत वहिवाटीचा पुरावाच पुसट होतो.

७. उपसंहार

आता पहिल्या तक्त्याकडे वळल्यास त्याचा अर्थ निराळा दिसतो. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी वनक्षेत्र सुमारे पाच टक्के उरले होते. १९१९ मध्ये वन-आयोग स्थापन झाला आणि उत्तर अमेरिकेतून आणलेल्या सिट्का स्प्रूससारख्या सूचिपर्णी वृक्षांची विस्तृत लागवड झाली. तेथील वाढ मुख्यतः या लागवडीची आहे. भारतातील वाढीत काही लागवड, काही मालकीच्या जमिनीवरील झाडे आणि काही मोजणीच्या सुधारणा यांचा समावेश आहे; आणि नव्या झाडीची भर जुन्या वनाच्या घटीला बेरजेत झाकून टाकू शकते. भीमाशंकरचे एक हेक्टर घटून माळावर गिरिपुष्पाचे एक हेक्टर वाढले, तर बेरीज तीच राहते. शेकरूचे घर मात्र जाते.

तेव्हा दोन देशांची अथवा दोन काळांची तुलना करण्यापूर्वी अभ्यासकाने चार गोष्टी निश्चित केल्या पाहिजेत : मोजलेले वन कायद्याचे आहे, छत्राचे आहे की वापराचे, मोजणीचा किमान तुकडा केवढा होता आणि तो मधल्या काळात बदलला काय, टक्केवारीचा भाजक कोणता, आणि जुनी झाडी व नवी लागवड यांचे आकडे स्वतंत्रपणे उपलब्ध आहेत काय. यांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर तुलना करू नये असे नव्हे. परंतु तिची मर्यादा तक्त्याच्या खालीच नमूद करावी.

पाचवी गोष्ट या विभागातील विद्यार्थ्यांच्या हाती आहे. भारतीय वन सर्वेक्षणाचे आकडे मुख्यतः जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात. आंबे, हातवीज, आहुपे, घाटघर, लोणी, धामणी अशा गावांत भूमीला कोणते शब्द वापरले जातात, त्यांतला कोणता शब्द कोणत्या उताराला लागतो आणि त्या भूमीची नोंद अभिलेखात कशी आहे, याची गाववार टाचणे करता येतील. ज्या पिढीला ‘वरकस’ आणि ‘माळ’ यांतला भेद सीमेच्या दगडासह ठाऊक आहे ती पिढी वृद्ध झाली आहे. हे काम लवकर झाले पाहिजे, आणि ते त्या गावांत जाऊनच होणार आहे.